पाव मिलिमीटरचा पडदा

तुर्भ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, खाडी जिथे मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते तिथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इमारती आहेत. तुर्भे म्हटले की आता खाडीपलीकडचे, नवी मुंबईतले तुर्भे डोळ्यांसमोर येते. पण या टेकडीचे आणि तिच्याभोवतीच्या जुन्या बेटाचे नावही तेच. इंग्रजांच्या जिभेवर त्याचे ट्रॉम्बे झाले आणि तेच चिकटले. १९५४ मध्ये इथल्या अणुऊर्जेच्या कामाची मुहूर्तमेढ रोवली गेली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. ट्रॉम्बेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या भट्ट्यांपाशीच रेंगाळतात. मला सांगायची आहे ती गोष्ट एका चिमुकल्या स्फटिकापासून सुरू होते आणि माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापाशी पोचते.

१९६०च्या दशकाच्या मध्यावर ट्रॉम्बेतल्या शास्त्रज्ञांनी गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाचा लेसर बनवला. जगातला पहिला लेसर मे १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीपासून केला होता. अर्धवाहकाचा लेसर १९६२ मध्ये आला, तोही अमेरिकेतच. त्यानंतर दोन-चार वर्षांत, परकीय चलनासाठी अर्ज करून महिनोन्महिने थांबावे लागणाऱ्या त्या काळात, मुंबईच्या उपनगरात तसाच लेसर तयार झाला होता. तो कपाटात ठेवून दिला गेला नाही. ट्रॉम्बेपासून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत, सुमारे २० किलोमीटर अंतरावर, त्याच्या किरणावरून माणसाचा आवाज पाठवण्यात आला. तार नव्हती, रेडिओच्या लहरी नव्हत्या. आवाजाचे चढउतार प्रकाशाच्या चढउतारांत बदलले गेले आणि कुलाब्याच्या टोकाला ते पुन्हा आवाज झाले.

तो प्रकाश कुणाला दिसला नसणार. गॅलियम आर्सेनाइडचा लेसर लाल रंगाच्या जरा पलीकडचा उजेड देतो, ज्याला आपण अवरक्त म्हणतो. आज डोळ्याच्या पडद्याची जाडी मोजून घेताना डॉक्टरांकडे हनुवटी टेकवून आपण ज्या यंत्रात पाहतो, त्यातून डोळ्यात शिरणारा मोजणीचा किरणही बहुधा याच पट्ट्यातला असतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. या किरणाची तरंगलांबी एका मायक्रॉनहून थोडी कमी असते, आणि तो ज्या दिव्यातून निघतो त्याचा स्फटिकही गॅलियम आर्सेनाइडच्या घराण्यातला असतो. आपल्याला समोर दिसते ती हिरवी फुली किंवा निळा ठिपका नजर स्थिर राहावी म्हणून ठेवलेला असतो. मोजणारा प्रकाश वेगळा, आणि तो जवळजवळ अदृश्य.

ट्रॉम्बेने हे यंत्र शोधले असे मला म्हणायचे नाही. ते शोधले गेले बॉस्टनजवळ, २५ वर्षांनंतर. पण दूरवर निरोप पोचवण्यासाठी घडवलेल्या प्रकाशातूनच डोळा मोजण्याची विद्या निघाली. ट्रॉम्बे-कुलाब्याचा तो किरण याच घराण्याचा वाटतो, म्हणून तिथून सुरुवात केली.

डोळ्याच्या आत पाहता येऊ लागले त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने आपले नेत्रदर्शक यंत्र जगापुढे ठेवले आणि जिवंत माणसाचा पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्या, मज्जातंतूची फिकट चकती हे सगळे डॉक्टरांना दिसू लागले. मात्र दिसत होते ते समोरून. पडदा मध्यभागी साधारण पाव मिलिमीटर जाडीचा, तोही जवळजवळ पारदर्शक. मधुमेहात त्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पडद्यात पाणी मुरते आणि मॅक्युला, म्हणजे ज्या जागेने आपण अक्षर वाचतो आणि माणसाचा चेहरा ओळखतो ती जागा, फुगते. ही फूग समोरून बघून ओळखायची म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहून विहिरीची खोली सांगण्यासारखे होते. मुरलेले डॉक्टर स्लिट लॅम्पची प्रकाशाची चीर तिरकी टाकून, दोन्ही डोळ्यांनी खोलीचा अंदाज घेऊन ते सांगत. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने मॅक्युलाच्या मध्यापासून ५०० मायक्रॉनच्या आत सूज असेल तर लेसरने डाग द्यावेत असे सिद्ध केले. ती सूज आहे की नाही हे मात्र जोडीने काढलेले फोटो पाहून माणसेच ठरवत होती. हातात आकडा नव्हता.

आकडा मिळवायचा तर प्रकाशाचा प्रतिध्वनी मोजायला हवा. सोनोग्राफीत आवाज आत जातो, परततो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून खोली कळते. शरीरात प्रकाश आवाजापेक्षा लाखपटीहून वेगाने धावतो. पडद्याच्या दहा मायक्रॉन जाडीतून जाऊन परत यायला त्याला लागणारा वेळ किती? एका सेकंदाचे दहा लाख कोटी भाग करा, त्यातला साधारण एक. इतका वेळ मोजणारे घड्याळ कुठल्याही इलेक्ट्रॉनिक मंडलात बसत नाही.

वाट सापडली ती १८८७च्या एका जुन्या प्रयोगात. अल्बर्ट मायकेलसनने प्रकाशाचा किरण अर्धपारदर्शक आरशाने दोन वाटांना पाठवला आणि परत आल्यावर पुन्हा एकत्र केला. दोन्ही लाटा एकमेकींवर पडल्या की उजेड-अंधाराच्या पट्ट्या उमटतात. आता या मांडणीत शुद्ध एकरंगी लेसरऐवजी मुद्दाम थोडा पसरट, मिश्र तरंगलांबींचा प्रकाश वापरला तर पट्ट्या फक्त तेव्हाच उमटतात जेव्हा दोन्ही वाटांची लांबी काही मायक्रॉनच्या फरकाने सारखी असते. एक वाट डोळ्यात जाते, दुसरी एका हलत्या आरशाकडे. आरसा कुठे असताना पट्ट्या उमटल्या ते पाहिले की डोळ्यातला परावर्तन करणारा थर किती खोल आहे ते समजते. मोजायचे होते ते काळाचे अंतर, हाती आले ते आरशाचे. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते ती हीच युक्ती.

व्हिएन्नात अॅडॉल्फ फेर्चर यांनी १९८०च्या दशकात या पद्धतीने जिवंत डोळ्याची लांबी मोजली होती. जपानमध्ये नाओहिरो तान्नो याच दिशेने विचार करत होते. बॉस्टनलगतच्या केंब्रिजमध्ये, एमआयटीत, जेम्स फुजिमोटो अतिशय अल्पकालीन लेसर स्पंदांवर काम करत, त्यांच्याकडे वैद्यक आणि अभियांत्रिकी दोन्ही शिकणारा डेव्हिड हुआंग हा विद्यार्थी होता, आणि नेत्रतज्ज्ञ कार्मेन पुलियाफिटो व जोएल शूमन सोबत होते. पण यंत्र प्रत्यक्ष चालते झाले त्यात मोठा वाटा एरिक स्वॉन्सन या अभियंत्याचा. स्वॉन्सन तेव्हा एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत उपग्रहांमध्ये लेसरने संदेश कसे पाठवायचे यावर काम करत होते. अंतराळात हजारो किलोमीटरवरून येणारा क्षीण प्रकाश टिपण्याची विद्या त्यांनी डोळ्यातून परतणाऱ्या क्षीण प्रकाशाला लावली. ट्रॉम्बे आणि कुलाब्याच्या मध्ये गेलेला आवाज मला इथे हमखास आठवतो.

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी सायन्स या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यात ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी हे नाव होते आणि पडद्याचा छेद दाखवणारे पहिले चित्र. तो डोळा मृत माणसाचा होता. १९९३ मध्ये जिवंत डोळ्याची चित्रे निघाली, १९९६ मध्ये झाइस कंपनीने पहिले यंत्र बाजारात आणले. पहिले यंत्र सेकंदाला सुमारे १०० रेषा वाचत असे, २००२ मध्ये आलेले ४०० वाचू लागले. पुढे हलता आरसाच गेला. परतलेल्या प्रकाशाचे रंग फाकवून सगळ्या खोल्या एकदम वाचायची पद्धत आली आणि वेग सेकंदाला हजारोंवर गेला. फुजिमोटो, हुआंग आणि स्वॉन्सन यांना २०२३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या ओठांवर आज या सगळ्याचे एकच नाव आहे, ओसीटी.

आता परत ट्रॉम्बेला.

लेसरचा पहिला प्रयोग झाल्यावर ट्रॉम्बेत लेसरचे काम वाढत गेले. १९६७ मध्ये तिथे दिलीप देवीदास भवाळकर रुजू झाले. जन्म १९४०चा, सागरचा. पेशव्यांनी बुंदेलखंडात ठाणे बसवल्यापासून मराठी घरे वसलेले हे गाव. शिक्षण सागर विद्यापीठात आणि पुढे इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला. भवाळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्बेत लेसरांची एक पूर्ण शाखा उभी केली. बाहेरून आणून जोडण्यापेक्षा घडवण्यावर त्यांचा भर होता, आणि १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अणुऊर्जा खात्याला परदेशी उपकरणे मिळणे अवघड झाले तेव्हा त्याला पर्यायही उरला नाही. स्फटिक, आरशांचे लेप, विजेचे पुरवठे, सगळे घरी. १९८४ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी लेसर आणि त्वरकांसाठी ट्रॉम्बेबाहेर स्वतंत्र केंद्र उभारण्याचे ठरलेले काम सुरू झाले. जागा निवडली इंदूरची, होळकरांच्या सुखनिवासाजवळच्या तलावाकाठी. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी कोनशिला बसवली आणि जून १९८६ मध्ये ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांची पहिली तुकडी इंदूरला गेली. या स्थलांतराविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, याचे मला वाईट वाटते. समुद्राकाठची प्रयोगशाळा सोडून माळव्याच्या काळ्या मातीत अर्धवट बांधलेल्या इमारतींत बिऱ्हाडे हलवणे, मुलांच्या शाळा बदलणे, धूळ आणि वीज सांभाळत प्रकाशाच्या मांडण्या पुन्हा जुळवणे. ज्याने प्रकाशाचे टेबल जुळवले आहे त्यालाच कळेल की एक आरसा केसभर हलला तर आठवड्याचे काम वाया जाते. इंदूरच्या रस्त्यांवर मराठी कानावर पडते, एवढा तरी दिलासा त्या मुंबईकर घरांना असेल. भवाळकर १९८७ मध्ये या केंद्राचे पहिले संचालक झाले आणि २००३ पर्यंत होते. २००० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राला राजा रामण्णा यांचे नाव दिले गेले. ट्रॉम्बेचे संचालकपद आणि मग अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या रामण्णांनी या केंद्राच्या जन्माला मोठा हातभार लावला होता.

इंदूरच्या या केंद्रात प्रदीप कुमार गुप्ता यांच्या गटाने वैद्यकीय उपयोगाच्या प्रकाशतंत्रांवर काम केले आणि स्वतःचे ओसीटी यंत्र जुळवले. बाजारातले यंत्र विकत घेऊन बटण दाबणे वेगळे आणि प्रकाशाचा उगम, तंतू, आरसा, संगणकाची आज्ञावली स्वतः जोडून त्यातून जिवंत डोळ्याचा छेद काढणे वेगळे. डोळा कुणाचा, तर झेब्राफिशचा. अंगावर निळे पट्टे असलेला हा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा आपल्याच देशातल्या ओढ्यांतला. आज जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. त्याचा डोळा मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा. २००६ मध्ये करंट सायन्समध्ये या गटाचा लेख आला. माशाला न चिरता त्याच्या डोळ्याचे आतले छेद काढून त्यांनी पारपटलाची आणि पडद्याची जाडी मोजली होती.

माशाच्या पडद्याची जाडी कुणाला हवी असेल असे वाटू शकते. पण पडदा झिजवणारा आजार किंवा औषध अशा माशावर तपासायचे तर पूर्वी प्रत्येक टप्प्यावर काही मासे मारून, डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागे. ओसीटीने तोच मासा आज, आठवड्याने, महिन्याने मोजता येतो. एकाच जिवाची नोंद वेगवेगळ्या दिवशी. माणसाच्या बाबतीत नेमके हेच घडले आणि उपचारच बदलले.

२००५ मध्ये मायामीत फिलिप रोझेनफेल्ड यांनी आतड्याच्या कर्करोगावरचे बेव्हॅसिझुमॅब हे औषध पडद्याच्या आजारासाठी थेट डोळ्यात टोचले. परिणाम दिसला तो ओसीटीच्या चित्रात. मॅक्युलाखालचे पाणी आठवड्याभरात ओसरलेले. पुढच्या अभ्यासांत इंजेक्शन पुन्हा द्यायचे की थांबायचे हे पडद्याच्या जाडीवरून ठरू लागले. आज मधुमेहाने पडदा सुजलेला रुग्ण दर महिन्या-दोन महिन्यांनी दवाखान्यात जातो तेव्हा त्याच्या हातात एक कागद येतो. त्यावर एकात एक तीन वर्तुळे असतात, १, ३ आणि ६ मिलिमीटर व्यासाची, आणि त्यांचे नऊ खण पडलेले असतात. मधल्या खणातला आकडा सर्वांत मोलाचा. तिथे साधारण २५०-२७० मायक्रॉन असेल तर पडदा ठीक, ४००-५०० असेल तर सूज आहे हे उघड. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. दोन-तीन केसांच्या फरकावर माणूस पेपर वाचू शकेल की नाही हे ठरते.

या आकड्याला एक अट आहे, आणि ती आम्ही घरी अनुभवली. माझ्या आईच्या फाइलमध्ये दोन कागद होते. पहिल्यावर मधला आकडा २०८, काही महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी काढलेल्यावर २६४. मधल्या काळात सूज वाढली असे आम्हाला सांगण्यात आले. आईने दोन दिवस धड जेवण केले नाही. तिसऱ्या दिवशी पडद्याच्या एका जुन्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि यंत्रांची नावे वाचायला लावली. पहिले जुन्या पद्धतीचे, दुसरे नव्या. जुन्या यंत्राची आज्ञावली पडद्याची खालची सीमा प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या मधल्या एका चकाकत्या रेषेवर धरत असे. नवे यंत्र ती आणखी खाली, रंगद्रव्याच्या थरापाशी धरते. पडदा तोच, मोजपट्टीचे टोक हलले. म्हणून एका यंत्राचा आकडा दुसऱ्याशी लावायचा नाही, आणि शक्यतो तपासणी त्याच यंत्रावर करायची. डॉक्टरांचे बोलणे ऐकून आईने परतताना रिक्षात बसल्या बसल्या डब्यातला दहीभात संपवला. हे मी इथे लिहितो कारण असे दोन कागद कित्येक घरांतल्या फायलींत असतील.

शेवटचा टप्पा पुन्हा ट्रॉम्बेचाच आहे, पण प्रकाशाचा नाही.

अणुभट्टीतले वापरलेले इंधन ट्रॉम्बेत विरघळवून त्यातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचे काम १९६०च्या दशकापासून चालत आले आहे. मागे उरतो तो अतिशय किरणोत्सारी कचरा. तो काचेत वितळवून कोंडतात. या कचऱ्यातले रुथेनियम-१०६ हे मूलद्रव्य उपद्रवी, कारण काच तापली की ते वायुरूप होऊन निसटू पाहते. पण याच मूलद्रव्याचा एक मोठा गुण आहे. त्यातून निघणारे बीटा किरण शरीरात काही मिलिमीटरच शिरतात आणि थांबतात. पूर्व बर्लिनमध्ये पीटर लोमाट्झ या डॉक्टरांनी १९६०च्या दशकातच याचा उपयोग ओळखला होता. चांदीच्या, वाटीसारख्या बाकदार चकतीवर रुथेनियमचा थर द्यायचा, ती चकती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, आतल्या गाठीच्या नेमक्या मागे, टाके घालून बसवायची. काही तास किंवा काही दिवसांनी काढून घ्यायची. गाठ भाजते, बाकीचा डोळा वाचतो. गाठ साधारण पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड नसेल तरच हे जमते, म्हणजे इथेही सगळे जाडीवर येऊन ठेपते.

रुथेनियम-१०६ची ताकद दर वर्षाला, नेमके सांगायचे तर ३७३ दिवसांनी, निम्मी होते. परदेशातून आणलेली चकती त्यामुळे थोड्याच काळात बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी तोच खर्च. अनेक रुग्णालयांना तो झेपत नाही, आणि मग ज्या डोळ्यात दृष्टी राखता आली असती तो काढावा लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्याच कचऱ्यातले रुथेनियम वेगळे करून अशा चकत्या बनवल्या. सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाची साथ ऐन भरात असताना, दिल्लीच्या एम्समधल्या राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्रात डॉ. अतुल कुमार यांच्या देखरेखीखाली त्यांचा वापर सुरू झाला. पहिला रुग्ण कोरॉइडल हिमँजिओमाचा होता, म्हणजे पडद्यामागच्या थरातली रक्तवाहिन्यांची गाठ. ती कर्करोगाची नसते, पण तिच्यातून पाझरलेले पाणी पडद्याखाली साचते आणि पडदा उचलला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने ही माहिती जाहीर केली.

अशा रुग्णाच्या डोळ्यावरून चकती काढली जाते, ती शिशाच्या डबीत परत जाते, आणि त्यानंतरच्या महिन्यांत तो पुन्हा पुन्हा तपासणीला येतो. गाठ किती बसली ते सोनोग्राफीचा आवाज सांगतो. पडद्याखालचे पाणी किती मायक्रॉन उतरले ते सांगायला मात्र तो अदृश्य किरण लागतो. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात, रुग्ण हनुवटी टेकवतो, कपाळ पट्टीला लावतो, आणि सहायक म्हणतो, हिरव्या फुलीकडे बघा, पापणी हलवू नका.